मामंजींच्या छातीत कफ, अडुळसा देऊ काय?

प्रश्न (दारव्ह्याजवळून):
मळणीयंत्रावर तूर काढली तेव्हापासून मामंजींच्या छातीत घरघर आहे. ताप नाही, पण रात्री पाठीशी दोन उशा लावून बसूनच झोपतात. कुंपणाला अडुळसा लय आहे. मी काढा उकळणार होती, सासूबाई म्हणतात पानं तव्यावर शेकून रस काढ. आन् मलाही खोकला आहे, पाचवा महिना सुरू आहे. तोच रस मी घेऊ काय?

उत्तर १:
सासूबाईंचं ऐका. कच्चं पान कुटलं तर नुसता चोथा होतो. शेकून मऊ पडलं की फडक्यात पिळा, हिरवागार कडूजहर रस निघते. चमचाभर रस, तेवढाच मध. तुम्ही मात्र थेंबही घेऊ नका ताई, अडुळशानं गर्भाशय आकुंचन पावते. नुसती वाफ घ्या.

उत्तर २:
अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध बनलं. म्हणून मेडिकलचं सिरप चालू असेल तर वरून रस नको. वाफेचा गंज (पातेलं) खाली जमिनीवर ठेवा. आमच्या भावानं मांडीवर घेतला अन् खोकला राहिला बाजूला, पंधरा दिवस मलमच लावत होता.

उत्तर ३:
बसून झोपा लागते हे मले खटकलं. हे हृदयाचंही असू शकते. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहा, खड्डा राहते काय? नाही राहिला तरी छाती तपासाच.

प्रश्नकर्ती:
दाबून पाहिलं. खड्डा राहते. सकाळच्या एसटीची वाट नाही पाहत, दीर गाडी काढून राहिले.