औषध नुसतं मिसळून भागत नाही

तुम्ही लिहिलंत, पॉलिमरच्या द्रावणात औषध मिसळून सुईतून विजेच्या ओढीनं नॅनोधागा (केसाहून कितीतरी बारीक तंतू) काढला की जखमेची पट्टी तयार. खरी गोम तिथंच आहे. तसं मिसळलेलं बरंचसं औषध धाग्याच्या पृष्ठभागाशी राहतं आणि ओलावा लागताच पहिल्या काही तासांत सुटून जातं. मधुमेह्याच्या पायाची जखम मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळते! म्हणून सुईत सुई बसवून गाभ्यात औषध, भोवती पॉलिमरचं कवच असा धागा ओढतात, म्हणजे औषध हळूहळू सुटतं.

दुसरं, नुसत्या पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या (अशा धाग्यांसाठी वापरतात त्या एका पॉलिमरच्या) जाळीवर पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा गोल राहतो. पेशी तिथं रुजणार कशा? प्लाझ्माची (रक्तातला नव्हे, विद्युतभारित वायूची) प्रक्रिया करून वर जिलेटिन चढवलं की तोच थेंब पसरतो. माझ्या मते पट्टीचं निम्मं यश या पृष्ठभागावरच ठरतं.