मदत हवी आहे: बिल पूर्ण भरल्याशिवाय सोडत नाहीत, फाइलही देत नाहीत

शेतकरीपुत्र:
नमस्कार मंडळी. लिहिताना हात थरथरतोय, चुकभूल द्या घ्या.

आमचे आण्णा (वय ७१) गोठ्यात शेणावरून घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. सांगली जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात ॲडमिट केलं. नाव लिहीत नाही, अजून तिथेच आहोत. भरती करताना तोंडी सांगितलं, १ लाख ६० हजारांपर्यंत जाईल. आज बारावा दिवस, बिल २ लाख ८४ हजार. १ लाख ९० हजार भरलेत. बाकी ९४ हजार टेकवल्याशिवाय डिस्चार्ज नाही, असं काउंटरवर सांगतात.

ऑपरेशन नवव्या दिवशी केलं. रूमचं भाडं वाढवायलाच लांबवलं असं आमच्या घरच्यांचं ठाम मत. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून इनडोअर पेपर मागितले, तर "फाइल हॉस्पिटलची प्रॉपर्टी आहे, पेशंटला मिळत नाही." बिलही एकाच पानाचं, 'औषधे व साहित्य ७१,४००' अशी एक ओळ. मेव्हण्याने काल सिस्टरवर आवाज चढवला, तेव्हापासून वॉर्डातले मामासुद्धा आमच्याकडे बघत नाहीत.

काय करावं?

बिनधास्त_बंड्या:
चार पोरं घेऊन जा, काच फुटली की बिल आपोआप कमी होतं.

माळरान:
बंड्या, असले सल्ले देऊ नका. डॉक्टर-रुग्णालयांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीची दुप्पट भरपाई. ९४ हजारांसाठी मेव्हणा आत जायचा.

शेतकरीपुत्र, आधी फाइलचं. तोंडी मागू नका, अर्ज लिहा. अर्जावर सही आण्णांची घ्या, शुद्धीत आहेत म्हणजे कागद मागण्याचा अधिकार त्यांचा. तुम्हाला घ्यायला पाठवतोय असं त्यातच लिहून द्या. दोन प्रती काढा, एकीवर 'मिळाला' म्हणून सही-शिक्का. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्ट. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मूळ फाइल त्यांच्याकडेच राहणार, त्यावर वाद घालू नका, आपल्याला झेरॉक्स पुरते. 'औषधे व साहित्य'ची फोडही त्याच अर्जात मागा. खुब्यात बसवलेल्या इम्प्लांटचं स्टिकर फाइलला लावलेलं असतं, ते बिलाशी ताडून बघा.

अडवून ठेवण्याबद्दल: राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची सनद तयार केली, त्यात बिलापायी पेशंट किंवा मृतदेह अडवता येणार नाही हे आहे. राज्याने २०२१ मध्ये नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारले, तेव्हापासून रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. भिंतीवर दिसतंय का बघा. बहुतेक ठिकाणी ते औषधाच्या काउंटरमागे कॅलेंडरखाली गेलेलं असतं. तक्रार महापालिका हद्दीत असाल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, नगरपालिकेच्या गावात असाल तर सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात.

पण पेशंट अडवता येत नाही म्हणजे पैसे बुडवता येतात असं नाही. उरलेल्या रकमेसाठी ते रीतसर दावा लावू शकतात.

ताकभात:
रुग्णालय ट्रस्टचं आहे का? असेल तर धर्मादाय योजना विचारा. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. माझ्या सासूबाईंच्या वेळी समाजसेवा अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊन बसले तेव्हा कुठे अर्ज हातात पडला.

भूलतज्ज्ञ_काकू:
माळरान यांचं बरोबर आहे. पण मला एक विचारायचंय, राग मानू नका. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत उरकायची डॉक्टरांचीच घाई असते, म्हातारं माणूस पडून राहिलं की छाती भरते, पाठीला जखमा होतात. मग नवव्या दिवसापर्यंत का थांबले? आण्णा रक्त पातळ करायची गोळी घेतात का?

शेतकरीपुत्र:
काकू, हे लिहायचं टाळलं होतं खरं.

तीन वर्षांपूर्वी त्यांना ॲटॅक येऊन गेला, तेव्हापासून गोळी चालू आहे. भरती करताना त्यांनी सांगितलंच नाही. उलट गोळ्या पाकिटातून काढून चुन्याच्या डबीत ठेवल्या होत्या, आणि खाटेवर पडल्या पडल्या रोज सकाळी एक तोंडात टाकत होते. तिसऱ्या दिवशी सिस्टरने पाहिलं. "ही बंद केली की हार्ट बंद पडतं" असं त्यांच्या डोक्यात बसलंय. मग भूलवाले डॉक्टर म्हणाले, कण्यातली भूल द्यायची तर पाच दिवस थांबावं लागेल.

भूलतज्ज्ञ_काकू:
मग ते पाच-सहा दिवस रुग्णालयाच्या माथी मारू नका. कण्यात सुई घालताना रक्त पातळ असेल तर आत गाठ होऊन पाय कायमचे जाऊ शकतात. चालू औषधं सांगणं हे पेशंटच्याच बाजूचं काम. मी स्वतः नातेवाईकांना "घरची पिशवी आणा आणि टेबलावर उलटी करा" असंच सांगते, कारण तोंडी विचारलं की शंभरातले नव्वद 'काही नाही' म्हणतात.

आधी मेव्हण्याला त्या सिस्टरकडे पाठवा.

शेतकरीपुत्र:
अपडेट, उशीर झाला.

मेव्हणा गेला. सिस्टर म्हणाल्या, "ठीक आहे, पण त्यांना कुशीवर वळवायला शिकून घ्या, घरी मी नसणार आहे." दहा मिनिटं उभं राहून शिकवलं.

अर्ज दिला, शिक्का मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी नऊ पानांचं बिल हातात आलं. त्यात आयसीयू चार दिवस. आण्णा ऑपरेशननंतर दोनच रात्री आयसीयूत होते. दाखवल्यावर बिलिंगच्या बाईंनी फोन केला, दिवसाला ९ हजार प्रमाणे १८ हजार कमी केले. उरले ७६. त्यातले ४० भरले, बाकीचे तीन हप्त्यांत देतो असं लिहून दिलं आणि संध्याकाळी आण्णांना घरी आणलं. ट्रस्टचं रुग्णालय नव्हतं, ताकभात.

फाइलची झेरॉक्स आज मिळाली, ६३ पानं. काल रात्रभर आण्णांना बोललो होतो, सांगितलं का नाही म्हणून. आज पहिलंच पान उघडलं. भरतीच्या वेळचा तक्ता. 'चालू औषधे: नाहीत. माहिती देणारे: मुलगा.' खाली सही माझी.