व्हायोलिन सोलो आणि विसावं शतक: पणजीतल्या कार्यक्रमासाठी रचना सुचवा

मांडवीकाठ: डिसेंबरात पणजीत ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ठरतोय. तंतुवादक २४, वुडविंड २-२, हॉर्न २, ट्रम्पेट २. ट्रॉम्बोन नाहीत, हार्प नाही. सोलोवादक बाहेरून येणार, त्यांच्यासोबत तालमी फक्त ३. शोस्ताकोविचचा पहिला व्हायोलिन कन्सर्टो (सोलो आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना) झेपेल का?

खर्जातला: नाही. त्यात ट्रम्पेट-ट्रॉम्बोन नाहीत म्हणून माणूस फसतो. ४ हॉर्न, ट्यूबा, सेलेस्टा (घंटेसारखा वाजणारा छोटा पियानो) आणि २ हार्प कुठून उभे करणार? शिवाय शोस्ताकोविच १९७५ साली वारले, म्हणजे आपल्या कायद्याने कॉपीराइटचे हक्क २०३५ अखेरपर्यंत. परवानगीचा खर्च वेगळा.

प्रोकोफिएवचा दुसरा व्हायोलिन कन्सर्टो घ्या, जी मायनर पट्टीतला, १९३५चा. तुमच्याच संचासाठी लिहिल्यासारखा आहे; वरून फक्त तालवाद्यं लागतात, त्यातही टिंपनी (सुरात लावायचे मोठे नगारे) नाही. साधारण २६ मिनिटं. भारतात हक्क २०१३ अखेर संपले.

अडतं कुठे ते सांगतो. सुरुवात सोलो एकट्याने करतो आणि मग व्हायोला-बास थेट बी मायनर या वेगळ्याच पट्टीत येतात. सोलोचा सूर धरून बसलात तर पहिल्याच पानावर घोळ. दुसऱ्या भागात पिझिकाटोची (बोटाने तार खुडून वाजवायची) साथ हमखास पळते, कारण खुडलेला सूर लगेच विरतो आणि वादक पुढच्यावर उडी मारतो. तो भाग सोलोवादक यायच्या आधी नुसत्या तंतुवाद्यांवर मेट्रोनोम लावून घोटा. शेवटच्या भागात कास्टानेट्स (चिपळ्यांसारखं लाकडी तालवाद्य) आहेत, त्या फळीवर बसवलेल्या आणा.

रेघोटी: ३ तालमीत प्रोकोफिएव म्हणजे जरा धाडसच. व्हॉन विल्यम्सचं ‘द लार्क असेंडिंग’ बघा, १५ मिनिटांचं. छोट्या संचाच्या आवृत्तीत फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न प्रत्येकी १, ट्रँगल आणि तंतुवाद्यं, बस्स. सोलोच्या मोकळ्या जागी मात्रांच्या रेघाच नाहीत. तिथे कंडक्टरने मोजत बसू नये, सोलोचा बो (गज) बघावा. जुन्या गोव्यात मोंतच्या कपेलात करायचं असेल तर हेच. तिथल्या घुमाऱ्यात प्रोकोफिएवच्या शेवटच्या भागाचा नुसता कालवा होईल.

मांडवीकाठ: हॉल एसीचाच आहे. सोबत प्रोकोफिएवचीच क्लासिकल सिंफनी चालेल?

खर्जातला: तिला टिंपनी लागते, आणि फर्स्ट व्हायोलिनवाले तुमच्या नावाने बोटं मोडतील. मोत्झार्टची एखादी सोपी सिंफनी जोडा.

एसी मात्र कार्यक्रमाच्या ३-४ तास आधी, त्याच तापमानाला सुरू ठेवा. गार हवेत फुंकीची वाद्यं उतरतात आणि तारा चढतात, मग ओबोच्या ‘ए’ सुराला कितीही मिळवा, १० मिनिटांत सूर फाटतात. आपल्या दमट हवेत फुगलेल्या खुंट्या कोरड्या हॉलमध्ये आकसून सुटतात, म्हणून पेट्या आधीच आत नेऊन उघडून ठेवा.

रेघोटी: आणि सोलोवादकाला कंडक्टरच्या डावीकडे, प्रेक्षकांकडून बघताना, दीड मीटर तरी मोकळी जागा. व्हायोलिनची भोकं त्या बाजूनेच प्रेक्षकांकडे वळतात. उजवीकडे उभं केलंत तर आवाज मागच्या पडद्यात जातो.