अहमदाबाद २०३०: दिल्लीची लगीनघाई पुन्हा बघायची का?

खासबागकर
२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या तेव्हा आमच्या कोल्हापुरात कट्ट्यावर पेढे वाटले. मीही खाल्ला. पण घरी येताना दिल्ली २०१० आठवली आणि तोंडाची चव गेली.

आमच्या तालमीतली निम्मी पोरं तेव्हा अंगणवाडीत होती, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यजमानपद मिळालं नोव्हेंबर २००३ मध्ये. स्पर्धा ३ ऑक्टोबर २०१० पासून. हातात जवळजवळ सात वर्षं! आणि बारा दिवस उरले असताना, २१ सप्टेंबरला, जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. वीसहून जास्त कामगार जखमी. दुसऱ्या दिवशी वेटलिफ्टिंगच्या हॉलमधलं फॉल्स सीलिंग खाली. क्रीडाग्रामात तुंबलेले संडास, भिंतींवर पिचकाऱ्या, गादीवर कुत्र्याच्या पायाचे ठसे. स्कॉटलंड, कॅनडा यांनी खेळाडू पाठवणं लांबणीवर टाकलं. त्यावर आयोजन समितीतले एक साहेब म्हणाले, की स्वच्छतेच्या त्यांच्या कल्पना वेगळ्या, आपल्या वेगळ्या. आमची आई टीव्हीसमोर बसून म्हणाली, “ह्याच्या घरात झाडू कोण मारतंय, विचारा जरा.”

आता पैसा. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात आहे: २००३ च्या प्रस्तावात अंदाज १२०० कोटींचा, शेवटचा आकडा १८,५३२ कोटींचा. पैसा कमी पडला नाही आणि वेळही कमी पडला नाही. आधी वर्षानुवर्षं निर्णय घ्यायचे नाहीत, मग ‘वेळ नाही’ म्हणून नियम बाजूला ठेवून मिळेल त्या भावाने घ्यायचं. ही घाई ओढवून आणलेली होती, असं कॅगनेही सुचवलं. पंचेचाळीस दिवसांच्या भाड्याला पावणेदहा लाखांची ट्रेडमिल अशी येते. माझ्या मते उशीर ही चूक नव्हतीच, पद्धत होती. २०३० ला वेगळं काय होणार, ते सांगा.

गंगावेस
खासबागकर, तुम्ही लग्नात जाऊन फक्त वरणात मीठ कमी होतं एवढंच सांगणारे पाव्हणे दिसताय.

त्याच दिल्लीत भारताला १०१ पदकं मिळाली, ३८ सुवर्ण. ऑस्ट्रेलियानंतर दुसरा नंबर. एकट्या कुस्तीत १९, त्यातली दहा सुवर्ण. आपली राही सरनोबत विशीचीही नव्हती, अनिसा सय्यदबरोबर २५ मीटर पिस्तुलाच्या जोडीत सुवर्ण घेऊन आली. घरच्या रेंजवर, घरच्या प्रेक्षकांपुढं.

आणि बाहेरच्यांनी आपल्या खेळांचं काय केलं ते बघा. बर्मिंगहॅम २०२२ ला नेमबाजी नाही. ग्लासगो २०२६ ला नेमबाजी नाही, कुस्ती नाही, हॉकी नाही, बॅडमिंटनही नाही. त्यांना परवडत नाही. व्हिक्टोरियाने तर २०२३ मध्ये खर्च झेपत नाही म्हणून यजमानपदच सोडून दिलं, म्हणून ग्लासगो. म्हणजे नेमबाज आणि पैलवान तयार करणाऱ्या आपल्या जिल्ह्याला या स्पर्धेत जागाच राहिली नाही. ती परत मिळायची असेल तर यजमान आपणच व्हायला पाहिजे. पाव्हणं येणार म्हटल्याशिवाय आपल्यात घराला रंग लागत नाही, हे दिल्लीला मिळालेल्या नव्या विमानतळ टर्मिनलवरून तरी मान्य करा.

सळई सिमेंट
मी तीस वर्षं बांधकामात काढली, म्हणून दोन शब्द.

काँक्रीटला पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात. मंत्र्याचा दौरा आहे म्हणून ते एकवीस दिवसांत होत नाही. प्लॅस्टर वाळायच्या आत रंग मारला की पोपडे येणार. वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून बघायला सवड नसली की पहिल्या पावसात गळणार. आणि दिल्लीत त्या साली पावसाळा रेंगाळला होता.

संडासांचं सांगतो, कारण ते फोटो बघून लोक कामगारांना शिव्या घालत होते. मोठ्या साइटवर घाईचं काम असलं की माणसं दुप्पट होतात, त्यांची राहण्याची सोय वाढत नाही. मग ती तयार होत आलेल्या फ्लॅटमध्येच झोपतात. तिथंच जातात. लाइनला पाणी सोडलेलं नसतं. चार दिवसांत सगळं तुंबतं. त्या माणसाला डबा घेऊन जायला जागा ठेवली नाही कुणी, आणि नाव मात्र त्याचं खराब. मी स्वतः एका साइटवर हे केलंय. म्हणजे करू दिलंय. अजून लाज वाटते.

तेव्हा खासबागकर, सगळंच कारस्थान नसतं. निम्मं साधं आहे: शेवटचे सहा महिने तपासणीला ठेवायचे असतात, ते बांधकामातच जातात.

खासबागकर
सळईसाहेब, पटलं. पण सहा महिने खाल्ले कुणी? पहिली तीन-चार वर्षं फायली फिरवणाऱ्यांनीच ना?

गंगावेस, दिल्लीला ते यजमानपद मिळालं कसं तेही लिहा की. समोर कॅनडाचं हॅमिल्टन होतं. आपण ऐनवेळी प्रत्येक सदस्य देशाला एक लाख डॉलर देऊ केले. आमंत्रणाला पैसे होते, न्हाणीघराला नव्हते!

तांबडा पांढरा
कुत्र्यांना कमी लेखू नका लगा. २०१० ला गादीवर नुसते ठसे होते. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच नेहरू स्टेडियमवर जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स चालू असताना केनिया आणि जपानच्या प्रशिक्षकांना कुत्री चावली. पंधरा वर्षांत प्रगती आहे, विषय हार्ड. आणि २०२६ च्या जानेवारीत इंडिया ओपन बॅडमिंटनला वरून पक्ष्यानं घाण केली म्हणून सामना थांबवावा लागला.

गंगावेस
त्याच पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये भारताने २२ पदकं घेतली, आजवरची सगळ्यात जास्त. ते कुणी लिहीत नाही. कुत्रं चावल्याची बातमी सगळ्यांना पाठ.

खासबागकर
पदकं पोरांनी घेतली. स्टेडियमनं नव्हे. हे दोन हिशेब एकाच वहीत का मांडताय?

आमच्या खासबाग कुस्ती मैदानाचं बघा. शाहू महाराजांनी परदेशात आखाडे बघितले, इथं येऊन मैदान असं खोलगट बांधलं की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौद्यातला पटाचा डाव दिसतो. शंभर वर्षं उलटून गेली. कुस्त्या ठरल्या की तांबडी माती चाळायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचं, दिवसेंदिवस खोऱ्यानं वरखाली करायची. माती कुणी केली ते गावाला नावानिशी माहीत असतं. पैलवानाच्या अंगाला खडा लागला तर त्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर उभं राहता येत नाही. दिल्लीत डीडीए म्हणजे विकास प्राधिकरण, पीडब्ल्यूडी, दोन पालिका, आयोजन समिती अशी सगळी होती. पूल पडला तर चहाच्या गाड्यावर कोण लाजलं?

शाहूपुरी तिसरी गल्ली
महाराजांना टेंडर काढावं लागत नव्हतं, काका. लोकशाहीत तसं चालत नाही.

आणि लाजायचं म्हणाल तर आयोजन समितीचे अध्यक्ष आपले पुण्याचे सुरेश कलमाडी एप्रिल २०११ मध्ये अटकेत गेले, देशभर नाचक्की झाली. पुढं २०२५ मध्ये न्यायालयाने ईडीचा क्लोजर रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, स्वीकारला. म्हणजे चौदा वर्षं आपण ज्याला महाघोटाळा म्हणत होतो, त्यातल्या मनी लाँडरिंगच्या आरोपाला पुरावा मिळाला नाही. मला तर वाटतं आपण चोर शोधण्यात एवढे रमलो की खराब कामाचा हिशेब कुणीच मागितला नाही. चोरी झाली नसेलही. गादीवर कुत्रं तर चढलंच होतं.

रायफलची आई
मी इथं कधी लिहीत नाही. मुलगी तेरा वर्षांची आहे, एअर रायफल मारते. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली तेव्हा मी कॉलेजात होते, मिरवणूक बघायला गेले होते. स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य आलं तेव्हा ही दहा-अकरा वर्षांची, दुसऱ्या दिवशी म्हणाली मला रेंजवर घाल.

गेल्या वर्षी एका स्पर्धेला गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही. मुलींना एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर झोपवलं. चाळीस मुलींना दोन संडास, एकाला कडी नाही. आम्ही आया आळीपाळीने दाराला पाठ लावून उभ्या राहायचो. पाणी पहाटे साडेचारला यायचं, म्हणून मुली साडेचारला उठायच्या आणि नऊ वाजता नेम धरायच्या. उद्घाटनाचा मंडप मात्र असा होता की बघत राहावं. कमान, फुगे, पाहुण्यांना फेटे.

तक्रार केली तर एक सर म्हणाले, “ताई, खेळाडूनं कणखर असावं.”

गंगावेस म्हणतात ते खरं आहे. नेमबाजी परत आली नाही तर माझ्या मुलीला ती स्पर्धाच नाही. म्हणून मला अहमदाबाद पाहिजे. पण २०३० ला तिथं कोट्यवधींचं स्टेडियम असेल आणि माझी मुलगी तिथवर पोचायला याच हॉलमधून जाणार असेल, तर दोन्हीचं बजेट कोण बघतो, ते कुणाला माहीत असेल तर सांगा. खरंच विचारतेय.

गंगावेस
ताई, याला माझ्याकडं उत्तर नाही. पण स्पर्धा नको म्हटल्याने त्या दाराला कडी लागणार आहे का?

सळई सिमेंट
कडीला शंभर-दीडशे रुपये लागतात आणि दहा मिनिटं. पुढच्या वेळी जायच्या आधी कळवा. आमचा सुतार येईल स्क्रू ड्रायव्हर घेऊन.

रायफलची आई
दादा, कडी आता आमच्या बॅगेतच असते. फिनेलची बाटली पण, पेलेटच्या डब्याशेजारी.