बेंचवरच्या पोरांचं काय?
एका पालकांनी विचारलंय: १४ वर्षांखालच्या बास्केटबॉल संघात सरांची लाडकी पाच पोरंच खेळतात, बाकीच्यांनी काय करायचं? आधी हिशेब बघा. दहा-दहा मिनिटांचे ४ क्वार्टर, मैदानात ५ जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. संघात १२ असतील तर प्रत्येकी सोळा-सतरा. बाद फेरीत सारखी वाटणी जमत नाही हे खरं, पण साखळी सामन्यांत प्रत्येकाला सलग ६-८ मिनिटं द्यायलाच हवीत. वीस गुणांनी मागे असताना शेवटच्या मिनिटाला उतरवलेलं पोर काय शिकणार, कपाळ? वाटणीचा नियम हंगामाआधीच पालकांना लेखी द्यावा.

आता पालकांचं. बाहेरून बाप 'शूट मार' ओरडतो, पोर मान वळवतं, तेवढ्यात तो ज्याला अडवत होता तो समोरच्या संघाचा खेळाडू पाठीमागून रिंगखाली सुटतो. दोन गुण गेले, बोलणी मात्र सरांना. सामना संपल्या संपल्या वाद नको. दुसऱ्या दिवशी सरावानंतर बोला, तेही पोरानं आधी स्वतः 'सर, मी काय सुधारू?' विचारल्यावर. (मे महिन्यात नऊच्या आत उरका, सोलापूरच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टवर कुणाचंच डोकं थंड राहत नाही.)

बेंचवर बसलेल्याकडे वही द्या: रिबाउंडला (हुकलेला चेंडू रिंगवरून परत येतो तेव्हा) कोणी बॉक्स-आउट केलं नाही, म्हणजे अंगानं आड येऊन समोरच्याला चेंडूपासून रोखलं नाही, ते प्रत्येक क्वार्टरला लिहायचं.