फोन केवळ ४जीवर बांधून ठेवावा का? कॉल आला की ‘ई’ दिसू लागतो आणि नेट बसते

धुऱ्यावरचा

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात राहतो. आमचे गाव पांढरकवड्यापासून बरेच आत आहे आणि सर्वांत जवळचा टॉवर शेजारच्या गावी, अंदाजे चार किलोमीटरवर आहे. ज्या सिमवर मी नेट वापरतो त्या कंपनीचे २जी आणि ४जी दोन्ही आमच्याकडे चालते. तिचे ३जी केव्हाच बंद झाले. वावरात किंवा गच्चीवर असताना ४जी बऱ्यापैकी मिळते, परंतु कोणाचा फोन आला की वरच्या पट्टीत ‘४जी’च्या जागी ‘ई’ (म्हणजे २जीचे संथ नेट) उमटतो आणि बोलणे संपल्यावरही तो पाच-पाच, कधी दहा-दहा मिनिटे हटत नाही. मागच्या आठवड्यात ई-पीक पाहणीसाठी पऱ्हाटीचा फोटो काढून झाला, तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला, आणि त्यानंतर तो एक फोटो वर चढेपर्यंत मी धुऱ्यावरच्या निंबाखाली अर्धा तास बसून होतो. कापसाच्या नोंदणीसाठी ‘कपास किसान’ ॲप उघडले तरी तीच गत होते. घरात तर, भिंती मातीच्या आणि वर टिन असल्यामुळे, ‘ई’शिवाय दुसरे काही क्वचितच दिसते.

गावातील एका मुलाने सांगितले की फोनमध्ये एक गुप्त क्रमांक डायल केला की ‘एलटीई ओन्ली’ म्हणजे ‘केवळ ४जी’ असा पर्याय मिळतो आणि तो निवडल्यावर फोन २जीकडे जाऊच शकत नाही. असे करणे योग्य आहे का, त्याने काही बिघडते का, आणि घरातही ४जी मिळू लागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. फोन अँड्रॉइड आहे, दोन सिमचा, चार वर्षांपूर्वीचा. ५जी त्यात नाही. बाजारात सिग्नलचा बूस्टर मिळतो असेही ऐकले आहे, त्याबद्दलही मार्गदर्शन व्हावे.

मेळघाटातून

भाऊ, त्या मुलाने सांगितले ते खरे आहे. डायल पॅडवर *#*#४६३६#*#* असे टाकले की हिरवे बटण न दाबताच एक तपासणीचे पान उघडते. त्यात फोनच्या माहितीचा विभाग असतो (दोन सिम असतील तर प्रत्येक सिमचा वेगळा), आणि त्या विभागात थोडे खाली गेले की पसंतीचे नेटवर्क निवडण्याची यादी येते. तेथे ‘एलटीई ओन्ली’ निवडायचे. बदल करण्यापूर्वी तेथे आधी काय निवडलेले आहे ते कागदावर अवश्य लिहून ठेवा, कारण यादीत वीस-पंचवीस नावे सारखीच दिसतात आणि परत जाताना माणूस गोंधळतो. काही फोनांत फोन बंद करून सुरू केला की हा बदल आपोआप पुसला जातो. माझ्या जुन्या फोनात तसे होत असे. ‘फक्त ४जी’ करून देणारी जी ॲप्स मिळतात, त्यांतील बहुतेक हेच पान उघडून देतात आणि वरून जाहिराती दाखवतात, त्यामुळे ती घेण्याची गरज नाही.

मात्र माझ्यावर जे गुदरले ते ऐकून मगच हात लावा. मागील हंगामात मी धारणीजवळच्या आमच्या गावी हा बदल केला. नेट सुरेख चालू लागले आणि मी खूश होतो. दोन दिवसांनी कापूस नेणाऱ्या गाडीचा चालक घरी येऊन माझ्यावरच ओरडू लागला की सकाळपासून तुमचा फोन लागत नाही, गाडी फाट्यावर उभी आहे. तेव्हा उमगले की दोन दिवसांत मला एकही कॉल आलेला नव्हता. व्हॉट्सॲपचे निरोप मात्र धडाधड येत असल्यामुळे फोन बहिरा झाला आहे, अशी शंकासुद्धा मनाला शिवली नव्हती.

निवृत्त तंत्रज्ञ

मी दूरसंचार क्षेत्रात तीस वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. धुऱ्यावरचा यांच्या प्रश्नातच त्याचे अर्धे उत्तर दडलेले आहे: ‘ई’ येतो तो कॉलच्या वेळी. एरवी गच्चीवर आणि वावरात ४जी टिकते, म्हणजे तेथे सिग्नल कमी पडत नाही. मग कॉल आल्यावरच फोन २जीकडे का धाव घेतो?

याचे कारण असे की ४जीची रचना मुळात केवळ डेटासाठी झालेली आहे. जुन्या पद्धतीचा आवाजाचा कॉल तिच्यात नाहीच. ४जीवरून बोलायचे तर आवाजही डेटाच्या पुडक्यांतून पाठवावा लागतो आणि त्या सोयीला व्होल्टे म्हणतात. २०१६च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाली तेव्हा तिच्याकडे २जी-३जी नव्हतेच, त्यामुळे तिला पहिल्या दिवसापासून व्होल्टेवरच चालावे लागले. ज्या कंपन्यांकडे जुने जाळे होते त्यांनी मात्र दुसरी वाट ठेवली: व्होल्टे नसेल तर कॉल येताच टॉवर फोनला सांगतो की ४जी सोड, २जीवर ये आणि तेथे बोल. बोलणे संपल्यावर फोनने ४जीवर परतायचे असते, पण हे परतणे टॉवरच्या मांडणीवर अवलंबून असते. २जीवर असतानाच एखादे ॲप पार्श्वभूमीत डेटा ओढत राहिले, तर फोन तेथेच रेंगाळतो. तुमचे ते पाच-दहा मिनिटांचे ‘ई’ म्हणजे नेमके हे रेंगाळणे असावे, असा माझा तर्क आहे.

यावरून मेळघाटातील भाऊंचा फोन बहिरा का झाला तेही कळेल. व्होल्टे बंद ठेवून फोन ४जीला बांधला, म्हणजे कॉल येण्याची एकमेव वाट आपणच बुजवली. टॉवर म्हणतो २जीवर ये, आणि फोनला तर तिकडे जाण्यास मनाई केलेली आहे!

तेव्हा आधी एक साधी परीक्षा घ्या. गच्चीवर उभे राहून कोणालाही फोन लावा आणि बोलता बोलता वरच्या पट्टीकडे पाहा. ‘४जी’ किंवा व्होल्टेचे चिन्ह कायम राहिले तर व्होल्टे चालू आहे. ‘ई’ किंवा ‘२जी’ आले तर बंद आहे. बंद असल्यास सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर व्होल्टे किंवा ‘४जी कॉलिंग’ नावाचे बटण शोधा आणि ते चालू करून फोन एकदा बंद-सुरू करा. बहुधा तेवढ्यानेच तुमचे काम होईल आणि ‘एलटीई ओन्ली’ची गरजच उरणार नाही.

घरातील प्रकरण वेगळे आहे, त्यासाठी आकडे हवेत. त्याच तपासणीच्या पानावर सिग्नलची शक्ती उणे चिन्हासह डीबीएम या मापात दिसते. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. गच्ची, वावर आणि घर, तिन्ही ठिकाणचे आकडे कळवा. बूस्टरच्या वाटेला मात्र मुळीच जाऊ नका. परवान्याशिवाय तो बसवणे आपल्या देशात बेकायदेशीर आहे, आणि त्यातून निघणाऱ्या गोंगाटाने टॉवरला इतरांचे फोन ऐकू येईनासे होतात. एका घरचा बूस्टर सगळ्या गावाला त्रास देतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

धुऱ्यावरचा

काका, परीक्षा घेतली. बोलताना ‘ई’च आला. व्होल्टेचे बटण सापडले आणि ते खरोखरच बंद होते. मुलाने खेळता खेळता केले असेल किंवा पहिल्यापासूनच तसे असेल. चालू केले आहे. आकडे असे: गच्चीवर ४जी उणे ९८, वावरात उणे १०२, ओसरीत उणे ११४, आणि आतल्या खोलीत उणे १२१ दाखवून ते नाहीसे होते. आतल्या खोलीत २जी मात्र उणे ८६ दाखवते. म्हणजे त्याच टॉवरवरून २जी इतक्या जोरात सोडतात आणि ४जी इतके मंद, असे का?

निवृत्त तंत्रज्ञ

तसे समजू नका. हे दोन आकडे एका तराजूत तोलण्यासारखे नाहीत. २जीचा आकडा २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या संपूर्ण वाहिनीवर मोजलेला असतो, तर ४जीचा हा आकडा १५ किलोहर्ट्झच्या एका बारीक पट्टीवरचा असतो. त्यामुळे ४जीचा आकडा नेहमीच बराच खाली दिसतो. ४जीसाठी उणे ९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १००-१०५पर्यंत काम चांगले चालते, आणि उणे ११५च्या पलीकडे गेले की केवळ नावाला उरते. तुमची गच्ची आणि वावर ठीक आहेत. गच्ची आणि आतली खोली यांत २३ डीबीचा फरक आहे, म्हणजे वर जी शक्ती पोहोचते तिचा सुमारे दोनशेवा हिस्सा आत येतो. टिन लहरी परतवते आणि मातीची जाड भिंत त्या शोषून घेते.

याला आणखी एक बाजू आहे, जिचा सहसा कोणी विचार करत नाही. टॉवर फोनला ऐकू आला म्हणजे झाले नाही, फोनही टॉवरला ऐकू गेला पाहिजे. २जीवर, विशेषतः ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आपला फोन आपली पाळी येते त्या क्षणापुरता २ वॅटपर्यंत जोर लावू शकतो. ४जीवर नेहमीच्या फोनची मर्यादा ०.२ वॅटच आहे. चार किलोमीटरवरच्या टॉवरला मातीच्या घराच्या आतल्या खोलीतून हाक मारताना हा दसपट फरक जाणवतोच. म्हणून आतल्या खोलीत तुम्ही फोन ४जीला बांधलात, तर ४जी तर मिळणार नाहीच, पण आज जो ‘ई’वर निदान कॉल लागतो तोही जाईल. शिवाय फोन सतत पूर्ण जोराने टॉवर शोधत राहील आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरेल. नसलेले ४जी कोणत्याही सेटिंगने निर्माण होत नाही. ‘एलटीई ओन्ली’ हा पर्याय असलेल्याला धरून ठेवतो, एवढेच.

घरात नेट हवे असेल तर फोन ओसरीच्या टॉवरकडील खिडकीत ठेवून हॉटस्पॉटवरून आतल्या फोनला द्यावे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. खिडकीत दहा डीबी वाढले तरी ती दसपट वाढ असते.

नवा_पदवीधर

येथे थोडे जोडतो, कारण पुढे कोणी हे वाचून ५जी फोनात ‘एनआर ओन्ली’ म्हणजे ‘केवळ ५जी’ करील. आपल्या देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झाले, पण सर्व कंपन्यांचे ५जी एकाच जातीचे नाही. जिओने ते स्वतंत्र पायावर उभारले. एअरटेलने मात्र सुरुवातीला ४जीच्या खांद्यावर बसवले, म्हणजे फोन आधी ४जीला जोडला जातो आणि मग ५जीची जादा वाहिनी मिळते. अशा जोडीच्या ५जीवर ‘केवळ ५जी’ निवडले की खांदाच काढून घेतल्यासारखे होते आणि फोनला काहीच मिळत नाही. माझ्या नागपूरच्या खोलीत मी हा प्रयोग केला तेव्हा तासभर ‘सेवा नाही’ अशी पाटी पाहत बसलो होतो.

झेडपीच्या बाई

माझा सॅमसंगचा फोन आहे आणि त्यात तो ४६३६चा क्रमांक टाकला तर काहीच उघडत नाही. शाळेच्या माहितीचे काम फोनवरूनच करावे लागते, म्हणून विचारते, की दुसरा काही मार्ग आहे का?

मेळघाटातून

ताई, सॅमसंगच्या बहुतेक फोनांत तो क्रमांक चालत नाही. सेटिंग्जमध्ये कनेक्शन, तेथे मोबाइल नेटवर्क, आणि त्यात नेटवर्क मोड असा पर्याय असतो. तेथे ५जी, ४जी, ३जी, २जी यांच्या एकत्र जोड्याच मिळतात. केवळ ४जी असा पर्याय सहसा नसतो. आयफोनमध्येही मोबाइल डेटाच्या पानावर ‘व्हॉइस अँड डेटा’ येथे एलटीई निवडता येते, पण त्याचा अर्थ ५जी वापरू नकोस असा आहे, २जीवर जाऊ नकोस असा नाही. तुम्हीही आधी व्होल्टे तपासा.

धुऱ्यावरचा

सर्वांचे आभार. चार दिवस वापरून मगच लिहीत आहे. नेटवर्कची निवड मी जशी होती तशीच ठेवली, ‘एलटीई ओन्ली’ केले नाही. व्होल्टे सुरू केल्यापासून गच्चीवर आणि वावरात कॉलच्या वेळी ४जी हटत नाही. काल उरलेल्या तुरीचा फोटो चढवत असताना पुन्हा मेहुण्याचाच फोन आला, आणि त्याचे बोलणे संपण्याआधी फोटो चढला होता. त्याचे बोलणे लांबते हे खरे, तरीही. दुसऱ्या सिमवर कॉल आला की मात्र या सिमचे नेट तेवढ्यापुरते थांबते.

निवृत्त तंत्रज्ञ

ते तसेच राहणार. तुमच्या काळातील दोन सिमच्या बहुतेक फोनांत रेडिओ एकच असतो आणि तो एका वेळी एकाच सिमची सेवा करतो. दुसऱ्या सिमचे कॉल फार येत असतील, तर ते सिम बटणांच्या साध्या फोनात टाका. कंपनीचे २जी चालू आहे तोवर तो फोन तुमच्या आतल्या खोलीतही वाजेल.

धुऱ्यावरचा

तसेच केले आहे. तो फोन आता आईकडे असतो.