अंबाजोगाईच्या ‘हत्तीखान्या’ला हे नाव कशावरून पडले?

प्रश्न:
लग्नानंतर मी अंबाजोगाईला आले. येथील शिवलेणीला जुनी माणसे सर्रास ‘हत्तीखाना’ म्हणतात. तेथील दगडी हत्ती म्हणजे योगेश्वरी देवीच्या लग्नाचे वऱ्हाड होय, असे माझ्या सासूबाई सांगतात. शेजारचे गुरुजी मात्र निजामाच्या फौजेचे हत्ती तेथे बांधत असत, असे सांगतात. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १:
ताई, आपल्या सासूबाई सांगतात ती कथा आमच्या परळीकडेही घरोघरी सांगितली जाते. कोकणातून आलेल्या योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता; परंतु मुहूर्त टळला, वऱ्हाड होते त्या जागी दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली. मुहूर्त का टळला, याविषयी मात्र एकमत नाही. कोणी वाटेतल्या खोळंब्याला दोष देतात, तर कोणी वैजनाथानेच नकार दिला असे म्हणतात. आमची आजी हा दुसरा भाग कधीही सांगत नसे; देवाच्या माथी असा बोल लावू नये, असे तिचे म्हणणे असे.

उत्तर २:
गुरुजींच्या मताला आधार कशाचा असावा, ते समजते. निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते आणि येथे हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेची, छावणी होती. पण ती घोडदळाची. शिवाय अंगणात उभे असलेले हत्ती त्या छावणीच्या कितीतरी शतके आधी खडकातच कोरलेले आहेत. झिजलेले असले, तरी त्यांचे भरदार अंग आजही ओळखू येते. तेव्हा नाव या मूर्तींवरूनच पडले, असे मला ठामपणे वाटते.

उत्तर ३:
वरील मताशी मी सहमत आहे. एक गोष्ट जोडतो. अंगणाच्या मध्यभागी नंदीचा मंडप असलेले हे लेणे शैव आहे. समोर हत्ती, आत मंडप आणि गावात कुमारिका देवी, असे सारे एकत्र पाहणाऱ्यांनी शिवाच्या लग्नाची कथा येथे जोडली असावी. याच लेण्याला ‘जोगाईचा मंडप’ असेही म्हणतात, ते या कथेला धरूनच आहे. देवीच्या मार्गशीर्षातील उत्सवाला, पौर्णिमेपर्यंत, येथे भाविकांची गर्दी असते. त्या दिवसांत लेण्यातही जाऊन यावे आणि वयस्कर बायकांना ही कथा अवश्य विचारावी. प्रत्येकीच्या तोंडी तिचा एखादा निराळा तपशील ऐकायला मिळतो, आणि तो वेळीच लिहून ठेवायला हवा.